‘नाही’ म्हणून बघा : बाबा-महाराजांबद्दल तुमचे प्रश्न

गुरुपौर्णिमा झाली की या सदरात बाबा-महाराजांविषयीची पत्रं वाढतात, यंदाही तेच झालंय. काही पत्रं इतकी खासगी आहेत की ती छापणार नाही, त्यांना वेगळं उत्तर दिलंय. बाकीच्यांतली थोडी इथे घेते. नावं सगळ्यांची काढलीत.

प्रश्न : ताई, माझी आई ६८ वर्षांची. बाबा गेल्यावर तिला एकटं वाटायचं म्हणून शेजारच्या काकूंनी तिला एका महाराजांच्या मठात नेलं. आधी फक्त गुरुवारी जायची, आता आठवड्यातले चार दिवस तिथेच असते. तिथे तिला बरं वाटतं हे खरं आहे. पण आता महाराज म्हणतात राहतं घर मठाच्या नावे बक्षीसपत्र करून दे, म्हणजे बाबांच्या आत्म्याला गती मिळेल. मी काही बोलले की कानावर हात ठेवते, गुरुनिंदा ऐकायची नाही म्हणते. खरा गुरू आणि भोंदू ओळखायचा कसा? (एक वाचक, सातारा जिल्हा)

आधी घराचं बोलू, कारण महाराज खरे की खोटे हे चार दिवसांनी ठरवलं तरी चालेल पण घराचं तसं नाही. बक्षीसपत्राची एकदा रजिस्ट्री झाली आणि समोरच्याने ते स्वीकारलं की नंतर आईचं मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र माणूस हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतो. म्हणून तुम्ही भांडू नका, एवढंच म्हणा की आई, तुला मठाला द्यायचंय ना, मग मृत्युपत्रात लिही, तुझ्यानंतर जाईल, पण तू आहेस तोवर डोक्यावरचं छप्पर तुझंच राहू दे. हे तिने स्वतः जाऊन महाराजांना सांगू दे आणि मग तिकडून काय उत्तर येतं ते नीट ऐका. ज्याला आईची काळजी असेल तो म्हणेल बरोबर आहे बाई, किंवा म्हणेल मला तुझं घर नकोच. आणि ‘मृत्युपत्र नको, आत्ताच करा, मुहूर्त चांगला आहे, मुलीला सांगू नका, ती तुमच्या वाटेत आडवी येतेय’ असं उत्तर आलं तर ओळखण्यासारखं सगळं त्यातच आलं.

कायदा इथे तुमच्या बाजूला आहे आणि तोही आजचा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम १६ मध्ये गैरवाजवी दबावाबद्दल सांगितलंय, म्हणजे एक माणूस दुसऱ्याच्या मनावर हुकमत चालवू शकतो अशा नात्यात असेल आणि त्याचा फायदा घेऊन काही लिहून घेत असेल तर ते रद्द होऊ शकतं. १८९० साली अलाहाबाद हायकोर्टापुढे नेमकं असंच प्रकरण आलं होतं, एका वृद्धाने परलोकात आपल्या आत्म्याचं भलं व्हावं म्हणून जवळजवळ सगळी मालमत्ता गुरूला बक्षीस दिली होती. कोर्टाने ते बक्षीसपत्र टिकू दिलं नाही, गुरू-शिष्याच्या नात्यात दबाव नव्हता हे गुरूनेच सिद्ध करायला हवं असं धरलं. पण असा दावा खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो आणि कोर्टकचेरीत किती वर्षं जातात ते तुम्हाला माहितीच आहे, म्हणून जे करायचं ते सही व्हायच्या आधी करा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. आईला तिथे घेऊन जा, आणि वकील तिच्याशी एकटीशी बोलेल असं बघा, तुम्हीही बाहेर थांबा, म्हणजे तिला वाटणार नाही की मुलगी जबरदस्ती करतेय.

आता ओळखायचं कसं. लोक मला विचारतात की भगवे घालतो का, इंग्रजी बोलतो का, गाडी कुठली आहे, पैसे घेतो का. माझ्या मते यातून फार कळत नाही. साधा शर्ट-पँट घालणारा आणि एक रुपया न मागणारा माणूसही लोकांचं आयुष्य नासवू शकतो, आणि मठ चालवायला पैसा लागतो म्हणून पावती देऊन देणगी घेणारा सज्जन असू शकतो. मी एकच बघायला सांगते, त्याला ‘नाही’ म्हणून बघा. पंधरा दिवस जाऊ नका. एखादी सेवा जमणार नाही म्हणा. देणगीची पावती मागा, ट्रस्टचा नोंदणी नंबर विचारा (सार्वजनिक ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याची नोंद असते, विश्वस्त कोण आहेत ते तिथे कळतं). एखाद्या गोष्टीवर सरळ विचारा की महाराज हे मला पटलं नाही. खऱ्या माणसाला याने काही फरक पडत नाही, तो हसून म्हणतो या जमेल तेव्हा. दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा सूर लगेच बदलतो, सेवेकऱ्यांचे फोन सुरू होतात, बाकीचे भक्त बोलायचे बंद होतात, आणि मग येते भीती, की गुरूचा कोप झाला तर घरात अरिष्ट येईल.

आई गुरुनिंदेला घाबरते ती याच भीतीमुळे. गुरुगीतेतली एक ओळ या लोकांच्या तोंडी कायम असते, देव कोपला तर गुरू वाचवतो पण गुरू कोपला तर कोणीच वाचवत नाही अशी. पण त्याच गुरुगीतेत हेही आहे की ज्ञान नसलेला, खोटं बोलणारा, ढोंगी गुरू सोडून द्यावा, ज्याला स्वतःलाच शांती मिळाली नाही तो दुसऱ्याला काय देणार. ही ओळ मठात कुणी वाचून दाखवत नाही. तुम्ही दाखवा. तुमच्या पुस्तकातून नको, तिच्याच पोथीतून, तिच्याजवळ बसून.

आणि एक कळकळीने सांगते, मठ बंद कर असं म्हणू नका. तिथे तिला कोणीतरी ‘आज्जी आल्या’ म्हणतं, रांगोळी काढायला तिचा हात लागतो, प्रसादाच्या भाज्या चिरताना चार बायका बोलतात. बाबा गेल्यापासून घरात तिच्या हाताला काम नाही आणि तिच्याशी बोलायला माणूस नाही. ते तुम्ही भरून काढलंत तर मठाची ओढ आपोआप कमी होईल, नाही काढलंत तर या महाराजांकडून सुटून ती दुसऱ्याकडे जाईल.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, वय २९. ब्रेकअपनंतर एका ‘एनर्जी हीलिंग’ गुरूंचा ऑनलाइन कोर्स केला, आधी ९९ रुपयांचा वेबिनार होता, मग लेव्हल वन, लेव्हल टू, आता ‘इनर सर्कल’साठी दीड लाख मागतायत. ग्रुपवर सांगतात की शंका घेणारे मित्र लो व्हायब्रेशनचे असतात, त्यांना ब्लॉक करा. मला आता संशय येतोय पण एवढे पैसे घातलेत की सोडवत नाही. आणि लाज वाटते, इंजिनियर असून मी असा कसा अडकलो? (एक वाचक, हिंजवडी)

अरे, शिक्षणाचा आणि याचा फार संबंध नाही. जपानमध्ये १९९५ साली टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला गेला, माणसं मेली, हजारो जखमी झाले, ते काम ओम् शिनरिक्यो नावाच्या पंथाचं होतं, आणि त्या वायूवर काम करणारे, तो मेट्रोच्या डब्यात नेऊन सोडणारे कोण होते तर विज्ञान शिकलेले, एक तर हृदयाचा सर्जन. हुशार माणसाची अडचण अशी असते की एकदा आत गेला की त्याच हुशारीने तो प्रत्येक विसंगतीला कारण शोधून देतो, साध्या माणसाला जे खटकलं असतं तेही तो स्वतःला समजावून टाकतो. आणि अडकायला हुशारी कमी असावी लागत नाही, वेळ वाईट असावी लागते. ब्रेकअप, नोकरी जाणं, घरातलं मरण, मूल न होणं, अशा वेळी जो कोणी ‘तुझं दुःख मला कळतं’ म्हणेल तो आपलासा वाटतो. तुझं तेच झालंय, यात लाज कसली.

ते लेव्हलचं गणित समजून घे. पहिली पायरी एवढी स्वस्त असते की विचारच करत नाही, आणि पुढच्या प्रत्येक पायरीला आधीचे पैसे हेच कारण होतं की एवढं घातलं तर आता अजून थोडं. खरं गुपित कायम पुढच्या लेव्हलमध्येच असतं. फायदा झाला तर तो गुरूमुळे, नाही झाला तर तुझी श्रद्धा कमी पडली, म्हणजे गुरू कधी चुकूच शकत नाही अशी सोय आधीच करून ठेवलेली असते. गेलेले पैसे गेले असं धर, दीड लाख तरी वाचतील.

मित्रांना ब्लॉक करायला सांगणं ही मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. जे शिकवतोय ते खरं असेल तर त्याला तुझ्या मित्राच्या प्रश्नाची भीती कशाला? ज्याला ब्लॉक केलं असशील त्यालाच आज फोन कर. ग्रुपवर निरोपाचं भाषण देऊ नकोस, त्यावर शंभर जण तुटून पडतील, गुपचूप बाहेर पड. आधी पेमेंटचे स्क्रीनशॉट, ऑटो-डेबिट लावलं असेल तर ते बंद, आणि त्या सेशन्समध्ये तुझ्याबद्दलच्या खासगी गोष्टी रेकॉर्ड झाल्या असतील आणि त्यावरून कोणी धमकावलं तर घाबरून पैसे भरू नकोस, १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार कर. रात्री झोप लागत नसेल, मन फार खाली जात असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या बाबांनी मी काही न सांगता माझ्या घरातली अडचण ओळखली, आणि काडी न लावता होम पेटवला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग हे खोटं कसं म्हणायचं? (एक वाचक, जालना)

पाहिलंत ते खरंच असणार, त्याचं कारण काय ते बघू. होमकुंडात समिधांखाली पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड ठेवलेली असते आणि पळीने जे ‘तूप’ सोडतात ते ग्लिसरीन असतं. दोन्ही एकत्र आलं की थोडा वेळ काहीच होत नाही, तेवढ्यात मंत्र म्हणून होतात, मग धूर येतो आणि भक्कन जाळ होतो. अंधश्रद्धा निर्मूलनवाले कार्यकर्ते शाळाशाळांत हे करून दाखवत आलेत. हा प्रयोग घरी करू नका, भाजतं. घरी करायचा तर हळदीचा करा, बोटाला चुन्याची निवळी लावा आणि त्याच बोटाने हळद चोळा, लालभडक होते. याच लाल रंगाला कुणी देवीचं कुंकू म्हणतं, कुणी करणीचं रक्त.

अडचण ओळखल्याचं सांगायचं तर तुम्ही बाबांसमोर बसायच्या आधी तिथे काय काय झालं ते आठवा. नाव-गाव-मोबाइल लिहायची वही होती का? रांगेत चहा देताना एखादा सेवेकरी ‘लांबून आलात का, काय त्रास आहे’ असं आपुलकीने बोलला का? शेजारी बसलेली बाई स्वतःची कहाणी सांगता सांगता तुमची काढून घेत होती का? मोबाइल नंबर मिळाला की फेसबुक, व्हॉट्सॲपचा फोटो, सगळं दोन मिनिटांत कळतं. आणि ‘पैसा येतो पण टिकत नाही’, ‘जवळचंच कोणीतरी जळतंय’, ‘एक काम होता होता राहतं’ ही वाक्यं कुठल्याही घराला लागू पडतात, आपणच मान हलवतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि पुढचं बाबांना आपल्या चेहऱ्यावरूनच समजतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा रांगेत कुणाला काही सांगू नका, वहीत दुसरं नाव लिहा आणि समोर बसल्यावर चेहरा कोरा ठेवा.

प्रश्न : वडिलांना १५ वर्षांपासून डायबेटिस आहे. स्वामींनी अंगारा दिला आणि इन्सुलिन बंद करायला सांगितलं. काय करू? (एक वाचक, अकोला)

हे वाचत असाल तर आधी डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर. इन्सुलिन अचानक बंद केलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. वडिलांशी अंगाऱ्यावरून वाद घालू नका, अंगारा लावा आणि इन्सुलिनही घ्या एवढंच म्हणा. त्या स्वामींनी डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात, पत्रक, व्हिडिओ असं काही केलं असेल तर ते जपून ठेवा, १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्यात ज्या आजारांची नावं दिलीत त्यात मधुमेह आहे, अशी जाहिरात गुन्हा आहे.

प्रश्न : ताई, मी बरीच वर्षं वारी करतो, गळ्यात माळ आहे, आमच्या गुरूंनी घातलेली. तुमचं लिखाण वाचून श्रद्धावान माणूस दुखावतो. तुम्हाला सगळेच भोंदू वाटतात का? (एक वारकरी, परभणी)

माउली, नाही. आणि तुमचं पत्र मला मनापासून आवडलं म्हणून उत्तर देते. वारीत मी जे पाहिलंय त्यात सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की तिथे सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, सत्तरीचे बुवा विशीतल्या पोराला वाकून नमस्कार करतात आणि तो त्यांना. जिथे नमस्कार दोन्हीकडून होतो तिथे बुवाबाजीला वाढायला जागा फार कमी मिळते. तुमच्या गुरूंनी माळ घातली तेव्हा तुमच्याकडून काय मागितलं? एकादशी कर, वारी चुकवू नको, नाम घे, मांस-दारू सोड. म्हणजे जे मागितलं ते तुमच्या भल्याचं, त्यांच्या फायद्याचं त्यात काही नाही. भोंदू साधना सांगत नाही, तो स्वतःच साधना होऊन बसतो, त्याचाच फोटो, त्याचेच पाय, त्याचाच वाढदिवस.

आणि हे मी आज सांगत नाहीये. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणांचा समास घातलाय, त्यात जे गुरू शिष्याला साधनेला लावत नाहीत, इंद्रियं आवरायला शिकवत नाहीत त्यांच्याबद्दल ‘ऐसे गुरु आडक्याचे तीन, मिळाले तरी त्यजावे’, म्हणजे पैशाला तीन मिळाले तरी सोडून द्यावेत, इतकं स्पष्ट सांगितलंय. तुकोबांनी अंगाला राख फासून डोळे मिटून पाप करणाऱ्यांची संगतच जळो म्हटलं. म्हणजे गुरू पारखून घ्यावा हे आपल्या परंपरेतच आहे, पारखणाऱ्याला नास्तिक म्हणायची पद्धत नंतर आली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याआधी वर्षानुवर्षं वारकऱ्यांना सांगितलं गेलं की हा कायदा आला की वारी बंद, कीर्तन बंद. कायदा उघडून बघा, त्यात यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना काही लागू नाही असं वेगळं कलमच आहे.

माझी काळजी गर्दीची आहे. २ जुलै २०२४ ला उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यात एका बाबांच्या सत्संगानंतर चेंगराचेंगरी होऊन १२१ माणसं गेली, त्यात बहुतेक बायका होत्या. बाबांची गाडी निघाली तेव्हा त्यांच्या पायाखालची धूळ घ्यायला लोक धावले असं तिथून आलेल्या बातम्यांत होतं. त्या बायका काही वाईट नव्हत्या, लोभी नव्हत्या, कुणाच्या घरी आजारी मूल होतं, कुणाचा नवरा प्यायचा. माणसाच्या पायाच्या धुळीने हे सुटतं असं त्यांना कोणीतरी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि मला राग त्याचा आहे.

प्रश्न : माझं लग्न होऊन सहा महिने झालेत. सासरचे सगळे एका गुरुजींना मानतात, कुठलंही काम त्यांना विचारूनच. आता ते म्हणतात माझ्यात दोष आहे म्हणून मूल राहत नाही, त्यासाठी एकांतात दीक्षा घ्यावी लागेल, आणि हे कुणाला सांगायचं नाही. रात्री मेसेज करतात, आपलं मागच्या जन्मीचं नातं आहे म्हणतात. सासूबाई म्हणतात जा, भाग्य लागतं. नवरा गप्प आहे. (नाव-गाव देत नाही)

जाऊ नकोस. कुठल्याही कारणाने, कुणाच्याही सोबतीने, दारापर्यंत सुद्धा नाही. सासूबाई बाहेर बसतील म्हणाल्या तरी नाही. जी दीक्षा दार लावून आणि कुणाला न सांगता द्यावी लागते ती दीक्षा नसते गं. तुझ्यात काही दोष नाही, लग्नाला सहा महिने झालेत, डॉक्टरसुद्धा साधारण वर्षभर वाट बघायला सांगतात आणि मग नवराबायको दोघांच्या तपासण्या करतात.

तू जे लिहिलंयस ते महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात जवळजवळ जसंच्या तसं आहे, अंगात विशेष शक्ती आहे म्हणून, मागच्या जन्मी पती-पत्नी किंवा प्रियकर होतो म्हणून, मूल होण्याचं आश्वासन देऊन बाईशी संबंध ठेवणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड, दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते. बलात्काराचे गुन्हे त्याहून वेगळे आणि शिक्षा त्याहून कितीतरी मोठी.

तुला वाटेल एवढ्या मोठ्या माणसापुढे माझं कोण ऐकणार. आसारामला २०१८ साली जोधपूरच्या कोर्टाने जन्मठेप दिली ती एका अल्पवयीन मुलीच्या तक्रारीवर, तिचे आईवडील त्याचेच भक्त, ती त्याच्याच संस्थेच्या शाळेत शिकत होती आणि तिला बाधा झालीय असं सांगून त्याच्याकडे पाठवलं होतं. तिचे वडील तिच्या मागे उभे राहिले. गुरमीत राम रहीमवरची केस २००२ मधल्या एका निनावी पत्रावरून सुरू झाली, आश्रमातल्या एका साध्वीने लिहिलेल्या. २०१७ ला शिक्षा झाली. वेळ लागला, फार लागला, पण पत्र वाया गेलं नाही.

त्यांचे मेसेज डिलीट करू नकोस. स्क्रीनशॉट काढून माहेरच्या एका विश्वासू माणसाला पाठव, मग फोन कुणी हिसकावला तरी पुरावा राहील. त्यांना उलट उत्तर देऊ नकोस, ब्लॉकही आत्ताच नको. नवऱ्याशी तो एकटा असताना बोल, मेसेज त्याच्या हातात दे आणि स्पष्ट विचार की तू माझ्याबरोबर आहेस का. तो गप्पच राहिला किंवा घरात जबरदस्ती होईल असं वाटलं तर बॅग भरायची वाट बघू नकोस, माहेरी निघ. महिलांसाठी १८१ आहे, तातडीचं असेल तर ११२. पोलीस स्टेशनला जाताना कुणाला तरी सोबत ने, आणि तिथे ‘घरगुती मामला आहे’ म्हणून परत पाठवायला लागले तर जादूटोणाविरोधी कायद्याखाली दक्षता अधिकारी कोण आहेत असं विचार, हा कायदा राबवण्यासाठी पोलीस अधिकारी नेमलेले असतात.

तुझ्या पत्रावर फोन नंबर नाही म्हणून इथे छापतेय, नाहीतर छापलं नसतं. हे वाचलंस की आज रात्रीच आईला फोन कर.